रॉडनीचा माणूस

शेजारी बसलेला माणूस रडत असताना आपण काही न बोलता समोर बघत राहायचं, ही विद्या मला एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीनं दिली. मी गाडी चालवण्याच्या परीक्षा घ्यायचो. नापास झालेली माणसं स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायची, पास झालेली तर जास्तच रडायची, आणि मी दोघांनाही एक कागदी रुमाल आणि निकालाचा कागद देऊन, दार हळूच लावून निघून जायचो. निवृत्तीनंतर एक दिवस जाहिरात वाचली, की ज्यांचे पाळीव प्राणी गेले आहेत अशा लोकांचं दुःख फोनवर ऐकून घ्यायला स्वयंसेवक हवे आहेत. मला वाटलं, हे काम आपल्यासाठीच काढलंय. माझी बायको ऑड्री म्हणाली, "लायनेल, तू आयुष्यात साधं मांजर पाळलं नाहीस." मी म्हटलं, मला प्राण्यांशी नाही, माणसांशी बोलायचंय. "माणसांशी तरी तू कधी बोललास?" असं म्हणून ती बागेत गेली.

अर्जात 'आपण कोणता प्राणी गमावला आहे' असा रकाना होता. रकाना मोकळा सोडणं माझ्या रक्तात नाही, म्हणून आठवून आठवून लिहिलं: सोनेरी मासा, एक, सातव्या वर्षी जत्रेत जिंकलेला, चार दिवस जगला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी फारच गंभीर आवाजात त्याचं नाव विचारलं. आता चार दिवसांत माशाचं बारसं करायचं राहून गेलं होतं, पण ते कबूल करायची लाज वाटली. मी म्हटलं, "बर्ट्रम." त्यावर बाई काहीच बोलल्या नाहीत. चांगले वीस सेकंद. त्या वीस सेकंदांत मला ती काचेची बरणी दिसली, तिच्यातून आरपार जाणारं खिडकीतलं ऊन दिसलं, नंतर आईनं त्याच बरणीत घातलेलं कांद्याचं लोणचं दिसलं, आणि साठ वर्षांनी एका बिननावाच्या माशासाठी मी खिशात रुमाल शोधायला लागलो. मला तिथल्या तिथे निवडलं.

नियम पुष्कळ होते. 'दुसरा आणा' असं म्हणायचं नाही. 'नुसता कुत्राच तर होता' हे तर मनातसुद्धा आणायचं नाही. सल्ला द्यायचा नाही, ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, आणि फोन करणाऱ्याला प्रत्यक्ष भेटायचं तर मुळीच नाही. समोरचा बोलायचा थांबला की मनात वीसपर्यंत मोजायचं. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहा ते एक मी पोटमाळ्यावरच्या खोलीत कानाला फोन लावून बसू लागलो. पहिल्याच दिवशी एक बाई मांजराबद्दल चौदा मिनिटं बोलून हुंदके द्यायला लागल्या आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या." मग त्या म्हणाल्या, "मी स्वयंपाकघरात आहे." मग हसल्या, मग पुन्हा रडल्या, आणि शेवटी म्हणाल्या, की इतकं नेमकं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं घर खाडीच्या काठावर आहे. ओहोटीला पाणी एवढं लांब जातं की ते परत येईल यावर विश्वास बसत नाही, आणि मागे उरतो मैलभर चिखल, त्यावर धुकं. पोटमाळ्याच्या खिडकीतून दुसरं काही दिसत नाही. कानात कुणाचा तरी आवाज सांगत असायचा, की ती बाथरूमच्या बेसिनमध्येच झोपायची, तो माझ्या चपला पळवायचा, आणि मी धुक्याकडे बघत ऐकत असायचो. हळूहळू मला ती सगळी त्या चिखलावरून चालताना दिसायला लागली. म्हातारे लॅब्रेडोर, एका डोळ्याचं मांजर, दोन गिनीपिग, शिव्या देणारा पोपट. कुणाला घाई नाही, सगळी पाण्याच्या दिशेनं निघालेली. मी हे ऑड्रीला सांगितलं. ती म्हणाली, ऐकता ऐकता तुझा डोळा लागतो. डोळा लागत नव्हता. लागला असेल तर एखादवेळी.

अशाच एका गुरुवारी फोनवर एक म्हातारा आवाज आला आणि आला तसा गप्प झाला. मी वीस मोजले, पुन्हा वीस मोजले. मग तो म्हणाला, "रॉडनी गेला. हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणतोय." तेवढ्यात चर्चच्या घड्याळानं दहाचे ठोके दिले. आमच्या चर्चचं घड्याळ आठ मिनिटं मागे आहे, पण मला ते ठोके दोनदा ऐकू आले, एकदा उघड्या खिडकीतून आणि एकदा फोनमधून. पलीकडच्या माणसालाही तसंच ऐकू आलं असणार, कारण तो म्हणाला, "तुमच्याकडेही आठ मिनिटं मागेच का?"

फोन करणारा आपल्याच गावचा निघाला तर फोन दुसऱ्या स्वयंसेवकाकडे द्यावा, असा नियम होता. आयुष्यात मी एकही नियम मोडला नव्हता. पिवळ्या दिव्याला गाडी पुढे काढली म्हणून मी एकदा सख्ख्या मेव्हणीला नापास केलंय. पण हा माणूस बोलत होता आणि मला त्याला थांबवता येईना. नाव क्लेमेंट गॅरोड. धक्क्याच्या टोकाला जुन्या बर्फघराशेजारचं घर. रॉडनी हा मोठा, राखाडी, केसाळ कुत्रा. अकरा वर्षं रोज सकाळी ते दोघं धक्क्यावर फिरायचे आणि नावा चढवायच्या उतारापाशी कठड्यावर बसून भरती बघायचे. रॉडनी जाऊन तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून क्लेमेंट दाराबाहेर पडला नव्हता. सामान गाडीवाला दारात ठेवून जायचा.

"बाहेर पडलो की लोक विचारणार, रॉडनी कुठंय," तो म्हणाला. "ते मला सांगता येणार नाही. आणि एकदा सांगून झालं की मग कुणी काही विचारणारच नाही. मला कोण ओळखतं तिथं? नमस्कार त्याला असायचा."

हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे सकाळी धक्क्यावर कुत्री फिरवणाऱ्यांची वर्दळ असते, आणि रीत अशी की नाव कुत्र्याचं विचारायचं, माणसाचं विचारणं म्हणजे भलताच आगाऊपणा. वीस-वीस वर्षं रोज बोलणारी माणसं एकमेकांना 'टॉफीची आई', 'बिस्किटचे बाबा' यापलीकडे ओळखत नाहीत. ज्याच्याकडे कुत्राच नाही तो तर गणतीतही नाही. मी इथे येऊन सव्वा वर्ष झालं होतं; मला धक्क्यावर एकदाच कुणी तरी हसून गुड मॉर्निंग म्हटलं, आणि तेव्हा मी दुसऱ्याच्या कुत्र्याशेजारी उभा होतो.

मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो. हो, गेलो. चहा प्यायलो. उंच, वाकलेला, फार हळू बोलणारा माणूस, पूर्वी होडीनं लोकांना पलीकडे पोचवायचा. तो म्हणाला, त्या कठड्यापाशी रॉडनीच्या नावाचा एखादा बाक असता तर निदान जाऊन बसायला कारण झालं असतं. विचारायची हिंमत मात्र त्याला नव्हती. मी म्हटलं, बाकाचं माझ्याकडे लागलं. सरकारी माणूस आहे मी, अर्ज म्हणजे माझ्या हातचा मळ.

पंचायतीच्या चिटणीस मिसेस स्ट्रडविक यांनी मला तीन वेळा परत पाठवलं. पहिल्या वेळी खिडकी बंद झाली होती. दुसऱ्या वेळी फॉर्म जुना निघाला. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढून सांगितलं, की स्मरणार्थ बाक फक्त गावात दहा वर्षं राहिलेल्या माणसांसाठी. प्राण्यांना बंदी आहे, कारण मागे कुणी तरी बदकाच्या नावानं बाक मागितला आणि मग दुसऱ्या बदकवाल्यांनी फार मनाला लावून घेतलं. मी म्हटलं, मोठा कुत्रा होता हो, बदक नाही. त्या म्हणाल्या, नियम तो नियम. मात्र माणसाच्या नावाबरोबर प्राण्याचं नाव आलं तर पंचायत डोळेझाक करते. माणसाचं नाव आधी यायला हवं, एवढंच. मी खूश होऊन तिथेच फॉर्म भरला. क्लेमेंट गॅरोड आणि रॉडनी, रोज सकाळी इथे बसत.

आता सांगा, यात माझी काय चूक? फॉर्ममध्ये नाव विचारलं होतं, ते लिहिलं. राहण्याची वर्षं विचारली होती, ती लिहिली. सदर व्यक्ती वारली आहे काय, असा रकानाच नव्हता. फॉर्ममध्ये न विचारलेलं मी आजवर कधी लिहिलेलं नाही. आणि मिसेस स्ट्रडविक यांनी हे तोंडानं विचारणं शक्यच नव्हतं. असं कुणाला विचारतात होय? त्यांनी फक्त माझ्या हातावर आपला हात क्षणभर ठेवला. मला वाटलं, फॉर्म नीट भरल्याचं कौतुक असेल.

हरकती मागवण्यासाठी नोटीस चर्चबाहेरच्या फलकावर दोन आठवडे लागली. तिसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून आमच्या शेजारीण बेरिल डनेट यांनी मला हाक मारली. या बाई म्हणजे टॉफीची आई. हातात कात्री, डोळे सुजलेले. "कळलं का तुम्हाला? रॉडनीचा माणूस गेला." मला काही बोध होईना. "क्लेमेंट नाव होतं त्यांचं," बेरिल म्हणाल्या. "अकरा वर्षं रोज भेटायचे आणि नाव नोटिशीवर वाचून कळलं. बरेच दिवस दोघं दिसले नाहीत तेव्हाच मला शंका आली होती. बिचाऱ्या रॉडनीला आता कोण बघत असेल?"

तो माणूस जिवंत आहे, एवढं सांगायला तोंड उघडलं आणि पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू आला: मग रॉडनी कुठंय? नेमकं तेच सांगायचं नव्हतं. तेच कुणाला कळू नये म्हणून तो माणूस पडदे ओढून बसला होता, आणि विश्वासानं फक्त माझ्याशी बोलला होता. मी तोंड मिटलं. वीस मोजले. बेरिलना वाटलं मला गहिवरून आलंय. त्यांनी मला चहाला बोलावलं.

त्यानंतर मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. दुसऱ्यांदा सांगायचं ठरवून बेकरीत गेलो, तर तिथे कागद लागलेला होता, रॉडनीला कोणी कोणत्या वारी सांभाळायचं त्याचा. सोमवार ते रविवार सगळे वार भरले होते, शनिवारी तर दोन नावं होती. सध्या रॉडनी कुणाकडे आहे हे एकालाही माहीत नव्हतं, पण जो तो समजत होता की दुसऱ्या कुणाकडे तरी असणार, आणि तसं विचारणं बरं दिसलं नसतं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा फार उशीर झाला होता, कारण बाकाच्या समारंभासाठी दोन केक आधीच भट्टीत गेले होते. आमच्या गावात भट्टीत केक गेला की ती गोष्ट फिरवता येत नाही. ऑड्रीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एक माणूस दुःखात होता. तू त्याला मारूनच टाकलंस."

फोनसेवेच्या बाईंनाही मी सगळं कबूल केलं. त्यांनी वीस सेकंद घेतले आणि अतिशय प्रेमळ शब्दांत सांगितलं, की मी ऐकतो फार छान, तेव्हा आता थोडे दिवस ऐकू नये. पोटमाळ्यावरचा फोन बंद झाला. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. मी खिडकीतून चिखलाकडे बघत बसलो, तर त्यावर कुणीच चालत नव्हतं.

राहता राहिला क्लेमेंट. त्याला मी एवढंच सांगितलं होतं, की शनिवारी सकाळी दहाला बाक बसवतायत, मी आणि चिटणीस बाई असू. तो म्हणाला, मी नंतर जाईन, कुणी नसताना. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याबद्दल मला लगेच लाजही वाटली.

शनिवारी धुकं एवढं होतं की पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. त्या धुक्यात चाळीस माणसं उभी होती आणि तेवढीच कुत्री. एरवी ही कुत्री एकमेकांवर भुंकून धक्का डोक्यावर घेतात, पण त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, सगळी निमूट बसून होती. नवीन बाक ओलसर होऊन चमकत होता. पंचायतीचे अध्यक्ष कागद वाचायला लागले. क्लेमेंट गॅरोड हे शांत माणूस होते. ते कुणाच्या अध्यात नव्हते, मध्यात नव्हते. त्यांच्याबद्दल आपल्याला फार थोडं माहीत आहे, आणि हा दोष त्यांचा नाही. इथे काही माणसं खाली बघायला लागली. कागद वाचता वाचता अध्यक्षांचाही आवाज ओढल्यासारखा, झोपेतल्यासारखा झाला होता, आणि मी तिथे उभ्या उभ्या विचार करत होतो की हे सगळं मी धुक्याकडे बघत ऐकतोय, आता ऑड्री येऊन हलवेल आणि म्हणेल, डोळा लागला तुझा.

"आज ते आपल्यात नसले तरी," अध्यक्ष म्हणाले, आणि थांबले.

बर्फघराच्या बाजूनं धुक्यातून एक उंच, वाकलेला माणूस चालत येत होता. खिडकीतून त्याला एवढे कोट दिसले होते, आणि रॉडनीसाठी एवढी माणसं जमली आहेत असं समजून तो टोपी हातात घेऊन आला होता. हे त्यानं मला मागाहून सांगितलं. बाकापाशी येऊन तो उभा राहिला.

दुसऱ्या कुठल्या गावात लोक किंचाळले असते, एखादी बाई भोवळ येऊन पडली असती. आमच्याकडे अध्यक्षांनी कागदाची घडी केली, ती खिशात घातली आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग." चाळीस माणसं एका सुरात गुड मॉर्निंग म्हणाली. मग कुणी तरी म्हणालं, दुपारपर्यंत निवळेल असं वाटतं. क्लेमेंट म्हणाला, हो, वारा पश्चिमेचा आहे. मिसेस स्ट्रडविक माझ्याकडे अशा बघत होत्या की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण जमीन म्हणजे सगळा चिखल, तिचा काय भरवसा.

क्लेमेंट बाकाच्या एका कडेला बसला. अगदी कडेला, बाकी सगळी जागा मोकळी सोडून. मोठ्या कुत्र्याशेजारी बसायची सवय असलेला माणूस तसाच बसणार. आणि बेरिल डनेटनी, सात आठवडे तो माणूस ज्या प्रश्नाला घाबरून घरात बसला होता, तोच प्रश्न विचारला.

"रॉडनी कुठंय?"

मी मोजायला लागलो. अकरापर्यंत पोचलो.

"रॉडनी गेला," क्लेमेंट म्हणाला. "सात आठवडे झाले. मला कुणाला सांगताच आलं नाही."

पाणी चढत होतं, त्याचा चिखलात शिरतानाचा बारीक आवाज तेवढा येत होता. चाळीस माणसांना एकदमच सगळं उमगलं, की नोटीस कसली होती आणि आपण कुणासाठी केक आणलेत. आणि मी बघितलं, की शनिवारी ज्यांनी रॉडनीला न्यायचं ठरवलं होतं ते दोघंही रडत होते. मीही रडलो. रुमाल काढून दुसऱ्याला द्यायची सवय, त्यामुळे माझ्याकडे मला एकही उरला नव्हता.

बेरिलनी टॉफीचा पट्टा ऑड्रीच्या हातात दिला आणि त्या बाकाकडे गेल्या. मला त्यांना ओरडून सांगायचं होतं की सल्ला देऊ नका, दुसरा आणा म्हणू नका. त्यांनी यातलं काही म्हटलं नाही.

"म्हणजे सात आठवडे तुम्ही घरात एकटेच होतात, क्लेमेंट?"

त्यानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला माझं नाव माहीत आहे?"

"नुकतंच झालं," बेरिल म्हणाल्या. "आधीच विचारायला हवं होतं. मी बेरिल."

क्लेमेंटनं बाहीनं बाकावरची मोकळी जागा पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट पुसली, आणि म्हणाला, "बसा ना, बेरिल."